जड पेट्या पुढे

मंगळवार, ३

ह्यांनी पेट्या विकायचं ठरवलं. मला विचारून नव्हे — सांगून. चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "पुढच्या शनिवारी एक जण बघायला येतोय. तीसच्या तीस घेतो म्हणतोय." मधमाश्यांच्या तीस पेट्या, एकवीस वर्षं वाढवलेल्या!  मी भांडी जरा जोरात घासली.

सूर्यफुलं फुललीत, तीन तासांच्या रस्त्यावर. शेतमालकाचे दोन फोन येऊन गेले. पेट्या न्यायच्या त्या रात्रीच, कारण दिवसा अर्ध्या माश्या बाहेर असतात, त्या मागे राहतील. आणि रात्रीची गाडी ह्यांनी सोडली. चौदा महिन्यांपूर्वी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले, गाडी ट्रेलरसकट चरात गेली, तीन पेट्या फुटल्या. तिथेच किल्ली माझ्या हातात दिली. "माझे डोळे गेले," म्हणाले. तेव्हापासून चालवायच्या जागी बसले नाहीत. डॉक्टरकडेही जात नाहीत. तपासलं की नक्की होतं म्हणे!

रात्री जेवताना म्हटलं, मी नेते. दिवसा चालवतेच की. 

शुक्रवार, ६

काल रात्री मी पेट्या घेऊन गेले. अर्ध्या वाटेवरून परत आले. लिहायचीसुद्धा लाज वाटते.

एका खेपेला पंधरा पेट्या मावतात. ह्यांच्याच पद्धतीने चढवल्या — मधाने भरलेल्या जड पेट्या ट्रेलरच्या अगदी पुढे, हलक्या मागे. पुढे हिसके कमी बसतात, असं हे एकवीस वर्षं सांगत आलेत. हे शेजारी बसले, मांडीवर पाण्याची बाटली घट्ट धरून.

समोरून येणारा प्रत्येक जण मोठे दिवे मारत होता. प्रत्येक जण! सगळ्या जगाला माझ्याशीच काय वैर! चिडून मीही दोनदा मारले. त्यात मागच्याचा झोत आरशातून डोळ्यांत. हे म्हणाले, "आरशाची खालची कळ ओढ. आणि समोर बघू नकोस, कडेची पांढरी रेघ धर." त्याने खरंच बरं वाटलं. मग एका वळणावर स्कूटरवरची बाई सरळ अंगावर आली. शेवटच्या क्षणी वळली. मी गाडी कडेला घेतली आणि तिथूनच परत फिरवली.

येताना हे एवढंच म्हणाले, "कळलं ना आता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शनिवार, ७

पाठ धरलीय. पेट्या उतरवून पुन्हा जागेवर लावल्या. माश्या संतापल्यात, मला दोन डंख. बरोबर केलं त्यांनी.

रविवार, ८

ती स्कूटरवाली डोक्यातून जात नाही. तिचा एक हात डोळ्यांवर होता. बिचारीला दिसतच नसणार, म्हणून अंगावर आली. पण रस्त्यावर तेव्हा आमच्याशिवाय दुसरी गाडीच नव्हती.

मग तिला दिपवलं कोणी?

मंगळवार, १०

काल अंधार पडल्यावर पंधरा पेट्या जशाच्या तशा चढवल्या, पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या आणि थेट मिस्त्रींच्या गॅरेजवर नेल्या. सकाळी फोनवर मिस्त्रींनीच सांगितलं होतं, "रिकामी गाडी खोटं बोलते, वहिनी. भरून आणा." आणली तर स्वतः दहा पावलं लांब उभे! तिथूनच ओरडले, "लहान दिवे लावा."

समोरच्या इमारतीची भिंत उजळली. भिंत कसली, पहिल्या मजल्याची खिडकी. आतली बाई पडदा ओढायला आली.

सगळं एवढंसंच होतं. पुढच्या जड पेट्यांनी ट्रेलरचं तोंड दाबलं जातं, त्याने आमच्या गाडीची मागची बाजू बसते, नाक वर होतं. लहान दिवेही सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. मिस्त्रींनी विचारलं, "हे पांढरे दिवे कधी बसवले?" हे पुटपुटले, "दीड वर्ष झालं. वय झालं, जरा उजेड बरा म्हणून." आधीचे पिवळे दिवे मिणमिणते होते, वर गेले तरी कोणाला त्रास नव्हता. लोक मला छळत नव्हते. दिवे खाली करा, म्हणून विनवत होते. आणि मी त्यांच्यावर दात-ओठ खात होते.

मिस्त्रींनी जुन्यासारखे पिवळे दिवे बसवले, त्यांचा रोख खाली केला. जड पेट्या आम्ही दोघांनी ट्रेलरच्या मधोमध, चाकांवर घेतल्या. भिंतीवरचा उजेड गुडघ्याएवढ्या उंचीवर आला.

तसेच निघालो. तीन तासांत एकानेही दिवे मारले नाहीत! मी मोजत होते, मग मोजायचं विसरले. उजाडायच्या आत पेट्या फुलांच्या कडेला लावून झाल्या. जाळ्या काढल्या, आणि ऊन येताच माश्या निघाल्या. मला रडू आलं, येऊ दिलं.

 येताना घराच्या वळणावर हे एकदम म्हणाले, "म्हणजे तेव्हा मलाही लोक..."  

गुरुवार, १२

हे स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मला बाहेर बसवलं. बाहेर आले ते चिठ्ठी घडी करत. डॉक्टर म्हणाल्या, डोळे वयाला साजेसे आहेत, नंबर तेवढा बदललाय. मी विचारलं, "आणि रात्रीचं?" "काही हरकत नाही म्हणाल्या." चौदा महिने! मला एवढा राग आला की रस्ताभर त्यांचा हात सोडला नाही.

शुक्रवार, १३

नवा चष्मा आला. अंगणात उभे राहून लांबच्या पाट्या वाचत होते, मोठ्याने.

शनिवार, १४

गिऱ्हाईक सकाळी येऊन चहा पिऊन गेलं. विकायच्या नाहीत, असं ह्यांनीच सांगितलं.

अंधार पडल्यावर उरलेल्या पंधरा चढवल्या, जड पेट्या चाकांवर. हात धुऊन, किल्ली शोधत गाडीपाशी गेले, तर चालवायच्या जागी हे बसलेले. किल्ली लावलेली.

"बस," म्हणाले. "आणि पांढऱ्या रेघेकडे माझं लक्ष आहे, तू फुलांचा वास आला की सांग."