फळीवरच्या गुलाबी वाट्या

३ मार्च

कपाट गेलं. वाळवीनं आतून पोखरलं होतं. सुतारानं दार ओढलं तर मूठच त्याच्या हातात आली. आता तिथे भिंतीवर उघड्या फळ्या. कल्पना लेकीची. सिंगापूरहून फोनवर सांगत होती — वस्तू शोधावी लागत नाही, वारा खेळतो, वाळवी लागली तर लगेच दिसते.

मी हो म्हटलं. हल्ली कशालाही हो म्हणते.

४ मार्च

मधल्या फळीवर माझ्या लग्नातल्या गुलाबी-हिरव्या वाट्या मांडल्या. खरं तर सणासुदीच्या. पण माझा नवरा, बून तेक, रोज त्यातच जेवायचा. म्हणायचा, "वर्षातून दोनदा जेवायला लग्न केलं का मी?" दुखवट्याच्या निळ्या-पांढऱ्या वाट्या खोक्यातच ठेवल्या. खालच्या फळीवर, अगदी मागे.

डिसेंबरात तो बोट घेऊन सामुद्रधुनीत गेला. बोट सापडली नाही. तोही नाही.

११ मार्च

फळ्या पुसल्या. तेलाचा चिकट थर, वर धूळ, एका वाटीत पालीची लेंडी! कपाटात असताना महिनोन्‌महिने हात लावावा लागत नव्हता.

१५ मार्च

त्याची आत्या आली होती. चहा पिताना नजर फळीवर. "छान दिसतंय गं, लियान. घरात काही कार्य आहे वाटतं?"

सासूबाई आत्या गेल्यावर जेवल्या नाहीत.

कपाटाला दार होतं तेव्हा आम्ही कशात जेवतो ते आमचं आम्हाला ठाऊक. आता उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला फळीवर दिसतं — ही बाई स्वतःला बायको समजते की विधवा.

२२ मार्च

चेंग बेंग जवळ आलं. थडगी झाडायची, गेलेल्यांना जेवू घालायचं. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "यंदा त्याचंही पान मांडू."

"नको, माक. जिवंत माणसाचं पान तिथं मांडायचं?"

"आणि गेला असेल तर? सगळ्यांची पोरं जेवतील. माझाच दाराशी उपाशी उभा राहील."

मी तांदूळ धुतले. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच राहिले. रडू आलं नाही.

२३ मार्च

मीठ लगेच सापडलं. हा एक फायदा.

३० मार्च

निळ्या वाट्यांचं खोकं फळीच्या कडेला आलेलं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, तरी! मी मागे ढकललं. दुपारी पुन्हा पुढे. पुन्हा मागे. दोघी एका ताटलीतली फणसाची भजी खात बसलो, खोक्याबद्दल अवाक्षर नाही.

उघड्या फळीवर काही मागे ढकललं तरी दिसतंच.

४ एप्रिल

उद्या चेंग बेंग. सासूबाई काठी टेकत स्वतः बाजारात गेल्या. कोंबडी आणली, बटाटे आणले. त्याच्या आवडीचा पोंगतेचा रस्सा करायचाय, हे सांगितलं नाही. बटाटे सोलत बसल्या. सालं पातळ निघावीत म्हणून किती जपत होत्या. तो लहान असतानाही अशाच सोलत असतील.

मला वाटायचं, त्यांना तो गेलेला हवाय. म्हणजे आत्याचं तोंड बंद होईल.

दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या तेव्हा गुलाबी वाट्या उतरवल्या. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवली. निळ्या वर मांडल्या. हात आपले आपणच चालत होते. मला काहीच वाटलं नाही.

५ एप्रिल

निळ्या वाटीत त्याचं पान मांडलं. भात मीच वाढला.

नंतर सासूबाई फळीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग खोक्यातून एक गुलाबी वाटी काढली, सारोंगच्या टोकानं पुसली, निळ्यांच्या रांगेत ठेवली.

म्हणाल्या, "ही राहू दे. आला तर कशात जेवेल?"