अण्णांचा फेटा

मंगळवार, संध्याकाळ. गारखेडा.

प्रदर्शनात मी काढलेलं वडिलांचं, अण्णांचं चित्र लागलंय. पिशोरहून भावाचा फोन होता. "अण्णांना उघड्या डोक्याचं काढलंस व्हय? लोक विचारायलेत, घरात कुणाची मयत झाली?"

पण चित्रात फेटा आहे ना! गारठलेलं कोकरू त्यात गुंडाळून अण्णा माळावर बसलेत. फोनवर फिरणाऱ्या चित्राच्या फोटोत तेवढा चेहराच दिसतोय. प्रदर्शनात येऊन अख्खं चित्र बघतंय कोण आता? भावाला लई बोलले मी.

मग तो फोटो उघडला. माझ्याच स्टेटसचा. चेहरा उठून दिसावा म्हणून खालचा फेटा, कोकरू मीच फोटोतून कापून टाकलं होतं.

आत्ता अण्णांचा फोन. आवाज अगदी शांत. "उद्या येतो प्रदर्शनाला. तू काढलंस तसाच येतो, फेट्याबिगर."