कापायचा राहिलेला तुकडा

मी, यादोराव तेजराम गजभिये, वय एकाहत्तर, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मागे एक मृत्युपत्र रागात केलं होतं, ते रद्द समजावं.

१. घर आणि धानाची बांधी मुलगा मनिष व मुलगी खुशबू यांना निम्मीनिम्मी. मनिषने कुरकुर करू नये. आजारपणात आईचं सगळं खुशबूनेच केलं.

२. धाकटा भाऊ इश्वर याला माझी सायकल. "मोबाईलसमोर बडबडाचे कोणी पैसे देते का?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. दिले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या गावची बोली, गोष्टी मी 'बुडीत गावचा यादोराव' या चॅनलवर सांगत गेलो आणि पुण्यापासून दुबईपर्यंतच्या माणसांनी दरमहा मेंबर होऊन तो चालवला. माईक, दिवा, रिचार्ज, सगळं त्यांच्याच पैशाने. सायकलला चेन नाही, ती इश्वरने टाकून घ्यावी.

३. मी गेल्यावर मेंबरांकडून एक पैसाही घेऊ नये. मनिष म्हणतो, मशीनने माझा आवाज काढता येतो, चॅनल चालू राहील. तसं करू नये. लोकांनी पैसे जित्या माणसाला दिले होते. फक्त मेंबरांसाठी ठेवलेले जुने व्हिडिओही सगळ्यांना खुले करावे.

४. पत्नी पार्वताबाई मोबाईल धरायची. निम्मे शब्द तिनेच आठवून दिलेले. पण लोक पैसे देऊ लागले तसा मी स्वच्छ आवाजाच्या मागे लागलो. ती मध्ये बोलली की म्हणायचो, "चूप राय ना, मंधात आवाज येते." जिथे आली तिथे कापलं. पुढे ती बोलेनाशीच झाली. तिला जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या व्हिडिओंत नुसती माझी टकळी, तिचा एक शब्द नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

५. एक तुकडा कापायचा राहून गेला. तो खुशबूच्या मोबाईलमध्ये आहे, तिच्याकडेच राहावा. मेंबरांचा दोष नाही, पण हा त्यांच्यासाठी नाही. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, बुद्धवंदना झाल्यावर, घरच्यांपुरता लावावा. मी धानाच्या रोवणीवर बोलतो आहे आणि मागून ती म्हणते, "आवरा ना जी, भात थंडा होऊन राहिला." तेवढं ऐकून सगळ्यांनी जेवायला बसावं.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. भय्याजी रामटेके
२. दादाजी वैद्य

सही: यादोराव तेजराम गजभिये
कोंढा, १२ नोव्हेंबर २०२४