भट्टीतलं उत्तर

सोमवार, २० जानेवारी

लिहिलं! खरंच लिहिलं!

दीक्षाची पहिली स्वतःची ऑर्डर — सांगवीच्या कॅफेसाठी साठ कप, शनिवारी द्यायचे. त्यांवरच्या निळ्या वेली मी रंगवतोय. एकोणसाठ झाले. साठाव्याच्या आत, अगदी तळाला लिहिलं — दीक्षा, माझ्याशी लग्न करशील? भाजण्याआधी तो निळा रंग फिकट जांभळा दिसतो, त्यात माझी अक्षरं आणखीच आजारी. वर्षभर तोंड उघडलं नाही आणि आज हे! उद्या ग्लेझ ती चढवणार. म्हणजे वाचणार.

मंगळवार, २१

वाचलं. आत पाहिलं, कप घेऊन कोपऱ्यात गेली, पाठ करून बसली. पाच मिनिटं! मग उठून ग्लेझच्या बादलीत बुडवला. पांढरा थर चढला, अक्षरं गायब. आता भट्टीत त्याची काच होईल तेव्हाच खालचं दिसणार.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बुधवार, २२

सकाळी भट्टी लागली. राहवलं नाही, दीक्षाला विचारलंच.

"कपात विचारलंस ना? मग कपातच सांगितलंय. तुझ्या ओळीखाली. शुक्रवारी भट्टी उघडली की वाच."

"आत्ता सांग ना!"

"दोन दिवस दम निघतो का बघू तुझा, धम्मा."

आणि तो विक्की, माती मळता मळता — "भावा, हो असतं तर तोंडावर बोलली असती." कॉलर धरली त्याची! सुमनताई धावत आल्या. कारखाना त्यांचा. "ताथवड्याला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलंस, आता हेही सोडायचंय का?"

विक्कीचं वाक्य डोक्यातून जात नाही.

गुरुवार, २३

आठवड्याची सुट्टी. चिखलीतले सगळे शेड बंद. आमची किल्ली मीटरच्या पेटीमागे असते, मला ठाऊक.

भट्टीच्या काट्यावर २९० अंश. शंभरच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही. माहीत होतं. माहीत होतं मला!

सताड उघडलं. कप वरच्याच फळीवर. जाड हातमोज्यांनी उचलला. निळंशार. माझी ओळ. खाली तिचं अक्षर —

हो.

हो!!

मग आवाज. टिण्. पुन्हा टिण्. कळेचना कुठून. एकेका कपावर केसाएवढी चीर उमटत होती. दार लोटलं, तरी आतून टिण्, टिण्... हातातलाही मधोमध उकलला. शेजारच्या शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस रोज इतका धडधडतो, आज नेमका गप्प. एकूण एक ऐकू आला.

शुक्रवार, २४

सगळं खरं सांगितलं. साठांतले सात धड निघाले.

दीक्षा रडली नाही, ओरडली नाही. आमच्या कपाचे दोन तुकडे जुळवले, स्वतःचं अक्षर वाचलं, तुकडे माझ्या हातात ठेवले.

"हे मंगळवारचं उत्तर आहे," म्हणाली.