तळहाताएवढी नळी

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी काय काम करते ते तुला अजून सांगितलेलंच नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी लघवीच्या नळ्या डिझाइन करते. तुझ्या मणक्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या सिस्टरनं तुला स्वतःच्या हातानं घालायला शिकवली होती, तीच नळी. तू पुन्हा चालायला लागलीस, कोराडीच्या कॉलनीतली तुझी बालवाडीही सुरू झाली, पण लघवी आपोआप व्हायची थांबली ती थांबलीच. दर चार तासांनी नळी. मागच्या शेगडीवर छोट्या गंजात ती लाल रबराची नळी उकळते आहे आणि आत्या न सांगता दारात उभी राहते. "काय शिजवून राह्यली वं वहिनी?" तू झाकण ठेवतेस, म्हणतेस, "शेवया." "मंग खाऊनच जातो," म्हणून आत्या खुर्ची ओढते. त्या दिवशी तुला खरंच शेवया कराव्या लागल्या. आत्या गेल्यावर आपण दोघी ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

पण मला लिहायचंय ते मामेबहिणीच्या लग्नाबद्दल. नागपूरचं मंगल कार्यालय, बायकांसाठी एकच संडास. आत कडी नाही, पिशवी अडकवायला खिळा नाही, फरशी ओली. मी पंधरा वर्षांची, नवा घागरा घालून बाहेरून दार धरून उभी आहे. मागे बायकांची रांग वाढते आहे, कुणीतरी "अंदर झोपली का?" म्हणतं आणि सगळ्या हसतात. मी दारावर थाप मारून ओरडले, "आई, किती वेळ लावून राह्यली! सगळ्या पाहून राह्यल्या ना!" आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग नळाचं पाणी. थोड्या वेळानं तू पदर सारखा करत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "झालं. चाल." त्यानंतर दिवसभर तू पाण्याचा घोट घेतला नाहीस.

तिसऱ्या दिवशी तुला हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी नळीबद्दल विचारलं, तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. "हातातून सुटली, खाली पडली," तू म्हणालीस. "पाण्यानं धुतली अन् तशीच वापरली. घाई झाली मले." घाई कोणी केली, ते तू सांगितलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. असे ताप तुला आधीही आले होते, नंतरही येत राहिले, आणि शेवटी मूत्रपिंडं गेली ती काही एका दिवसानं नाही, हे मला आता या कामामुळे नीट कळतं. कळून फारसा उपयोग होत नाही.

आमच्या टीममधली मुलं हुशार आहेत. त्यांना आधी सुंदर डबी हवी होती. मी म्हटलं, बाई उकिडवी बसली आहे, पिशवी दातात धरली आहे, ठेवायला जागा नाही, एकच हात मोकळा आहे, इथून सुरू करा. आता नळी तळहाताएवढी आहे. आधीच ओली, निर्जंतुक, आत जाणाऱ्या भागाला बोट लागतच नाही. वापरून झाली की त्याच कव्हरात बंद करायची आणि बाहेर येऊन फेकायची. मौद्याच्या एक शिक्षिका ती वापरून पाहत होत्या, अपघातात त्यांचाही मणका दुखावला होता. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "म्याडम, झाकण उघडताना टक् वाजते. बाहेरच्या बायकाईले ऐकू जाते." मी सगळं मोजलं होतं, आवाज मोजला नव्हता. तो आवाज घालवायला आम्हाला चार महिने लागले.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. शाळेच्या मुलींना घेऊन एसटीनं रामटेकला जाऊन आल्या होत्या, अख्खा दिवस. "दोन गिलास उसाचा रस पेलो म्याडम," त्या सांगत होत्या, "अन् कोणाले समजलंबी नाही." मी फॉर्ममध्ये 'प्रवासात वापर: समाधानकारक' असं लिहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी होतं का वं बाई कोणाले? नाही तर इतकं बारीक कोणाले सुचते?"

टीममधली मुलं तिथंच बसली होती. त्यांना माहीत नाही. या सगळ्या वर्षांत मी कारखान्यात कुणालाच सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. मी "नाही" म्हटलं, आई. मग त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले. बस यायला वीस मिनिटं लागली, आम्ही दोघीच उभ्या होतो, आणि तरीही मी सांगितलं नाही.