फ्रिजवरच्या दोन वस्तू

अपेक्षा,

मी कामावर निघते. डाळ कुकरमध्येच आहे, भात तेवढा लाव. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

काल तुझ्या बॅगेत ती आंब्याच्या वासाची ई-सिगारेट सापडली आणि मी नको नको ते बोलले. कॉलेजमधल्या सगळ्या मुली ओढतात, नाही म्हटलं तर ग्रुपमध्ये कोणी विचारत नाही, असं तू सांगत होतीस. तेही मी ऐकून घेतलं नाही. ओरडताना माझंच बोट तंबाखूच्या मिश्रीने काळं झालं होतं. तुझं लक्ष त्या बोटाकडे होतं.

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुपारी चाळीतल्या बायका गॅलरीत मिश्री लावत बसायच्या. जी लावत नाही तिच्याशी कोण बोलणार? पहिली चिमूट रखमामावशींनी दिली. मला गरगरलं, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. दात साफ होतात म्हणून लावते, असं तुला सांगत आले ते खोटं.

माझी डबी आणि तुझी ती नळी, दोन्ही फ्रिजवर ठेवल्यात. काय करायचं ते मी आल्यावर दोघी मिळून ठरवू. तोवर तू हात लावू नकोस. मीही सकाळपासून लावलेला नाही. डोकं ठणकतंय, उगाच भांडी आपटतेय.

तुलाही असंच होतं का गं?

आई