त्या बाभळीपर्यंत

मी, केरबा रामहरी गडदे, वय सहासष्ट, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर (जुन्या कागदांवर औरंगाबाद दिसेल, माणूस आणि घर तेच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा गुडघा सोडला तर शरीरही शाबूत आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धास्ती मात्र आहे, आणि ती कशाची हे शेवटच्या कलमात येईल. वाचणाऱ्याने मधली कलमे गाळू नयेत.

कलम १. मुकुंदवाडीतील राहते घर माझ्यामागे पत्नी मंजुळाबाईचे आणि तिच्यानंतर मुलगा अंगद याचे. गच्चीवरच्या टाकीचा कॉक अर्धाच फिरवावा, पूर्ण फिरवला की तुटतो. अंगदला हे तोंडाने सांगून झाले, आता कायद्याने सांगतो.

कलम २. बँकेतील ठेव मंजुळाबाईला. वैजापूर तालुक्यातील जमीन अंगदला. बांधावरची बाभूळ कोणी तोडू नये.

कलम ३. माझी हत्यारे अंगदला. त्यातील मोठे दोन पाने शेजारी रामकिसन याने दिवाळीच्या आधी नेले आहेत, ते अंगदने मागून घ्यावेत. मला मागायला लाज वाटते.

कलम ४. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि मला हळू चालता येईना, म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी धावायला लागलो. पुढे बेचाळीस किलोमीटरही पळालो. त्याची जी पदके भिंतीवर आहेत ती भंगारात घालू नयेत. भंगारवाला हसतो. मी विचारून पाहिले आहे.

कलम ५. लांब पळणाऱ्याजवळ शेवटी पाय उरत नाहीत, एखादे वाक्य तेवढे उरते. वकीलसाहेब म्हणाले, वाक्य ही काही मालमत्ता नाही, कोणालाही द्या. म्हणून देतो. “चढाकडे बघू नको, चपलेकडे बघ,” हे अंगदला. तो पळत नाही, पण चढ कोणाला चुकलेत?

दुसरे वाक्य मंजुळाबाईचेच आहे. एका शर्यतीत मी रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा होतो, तेव्हा ती ओरडली होती, “अवं, भाकर गार व्हायलीय!” तेव्हापासून प्रत्येक शर्यतीचा शेवट मी त्या वाक्यावर काढला. वापरलेले वाक्य आभारासह परत करतो.

कलम ६. धावणाऱ्यांच्या क्लबाचा कॅप्टन विश्वजीत याला त्याच्या क्लबाचे तीन टीशर्ट परत करावेत. त्यांवर ‘थांबला तो संपला’ असे छापले आहे. एकाने मी गाडी पुसतो, तोही धुऊन द्यावा.

कारण लिहितो. डिसेंबरातल्या शर्यतीत दौलताबादच्या घाटात माझी मुलगी शालू कोसळली. मी मागे होतो. पोहोचेपर्यंत विश्वजीत तिच्या डोक्याशी उभा राहून ओरडत होता, “ऊठ शालू! आतलं जनावर जागं कर!” ती उठली, वेरूळपर्यंत गेली, गळ्यात पदक घालून हसली, आणि संध्याकाळी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. दवाखान्यात सलाईनवर पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटून त्यांचा गाळ मूत्रपिंडात गेलाय. पुन्हा असे झाले तर मूत्रपिंडे हातची जातील. मी सांगेपर्यंत पळायचे नाही, असे डॉक्टरांनी तिला बजावले. विश्वजीत भेटायला आला तो नवा टीशर्ट घेऊन.

विश्वजीत, जनावरे मी बघितली आहेत. आमच्या पिढ्या मेंढरांमागे गेल्या. दमलेले जनावर खाली बसते, आणि त्याला कोणी भित्रे म्हणत नाही.

कलम ७. शालूला मी घर, जमीन, ठेव, हत्यारे यांपैकी काहीही देत नाही.

डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही आणि तिने परवाच्या रविवारी पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले आहे. मी बोलू लागलो की ती कानात हेडफोन घालते. एकदाच ऐकून घेतले आणि मलाच म्हणाली, “आबा, लहानपणापासून तुमीच सांगितलं ना, त्या बाभळीपर्यंत चल म्हणून? मला पुढची बाभूळ दिसायलीय, मी काय करू?” तेव्हापासून जेवण जात नाही. तिच्या खोलीतून बुटांचा आवाज आला तरी मी दारात जाऊन उभा राहतो.

उत्तर आता सुचले आहे. ते वाक्य माझ्या वडिलांचे. मेंढरे घेऊन आम्ही गोदावरीकाठी, गंगथडीला उतरायचो, तेव्हा मी रडकुंडीला आलो की ते समोरचे झाड दाखवायचे, “त्या बाभळीपर्यंत चल.” मी चालायचो. पण शालू, बाभूळ आली की ते खरेच बसायचे. पाणी पाजायचे. कोकरांचे खूर बघायचे आणि मग माझे तळवे बघायचे. सगळे ठीक असले तरच पुढची बाभूळ दाखवायचे. एखादी मेंढी उठली नाही, तर त्या दिवशीचा मुक्काम तिथेच. तिला कोणी जनावर जागे कर म्हटले नाही. बाभूळ ही बसून स्वतःकडे बघायची जागा होती. तू बाभळी नुसत्या मागे टाकत चालली आहेस. माझे वडील असे कधी चालले नाहीत.

तुझी बाभूळ आली आहे, पोरी. बस.

आता तुला काही का दिले नाही ते. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नका, पुढे भांडणे होतात. आणि मला साक्षीदार तूच हवी होतीस. मृत्युपत्र लोक माणूस मेल्यावर वाचतात, मला तू हे आज वाचायला हवे होते. माझे तू ऐकत नाहीस, पण गॅसच्या पावतीवरही पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाहीस, हे मला माहीत आहे. मला तुझ्यासाठी फार भीती वाटते, शालू. एवढे लिहायला मला सात कलमे लागली.

रविवारी सकाळी तू घरात दिसलीस, तर हे मृत्युपत्र फाडून दुसरे करीन. त्यात साक्षीदार वेगळा असेल आणि बाभळीकडची अर्धी जमीन तुझी असेल.

सदर मृत्युपत्र मी वाचून, समजून, बुद्धी स्थिर असताना त्यावर सही केली आहे.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

सही: केरबा रामहरी गडदे

केरबा गडदे यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून आम्हीही केली.

साक्षीदार पहिला: रामकिसन, शेजारी
(पाने उद्या आणून देतो.)

साक्षीदार दुसरी: शालू केरबा गडदे
(सगळं वाचलं. नाव मागं घेतलं. रविवारी भाकर गरम खाऊ, आबा. दुसरं मृत्युपत्र लिहायची काय घाई नाय.)